डावं मोकळं असतं

त्या दिवशी मोपेड वहिनी चालवत होत्या, हे खरं आहे. लाल दिवा असताना त्या थांबल्या नाहीत, हेही खरं आहे. पण 'वहिनींनी सिग्नल तोडला' असं आमच्या घरात जे इतकी वर्षं म्हटलं गेलं, ते खरं नाही. मी मागच्या सीटवर बसलो होतो. काय झालं ते मला माहीत होतं आणि मी ते बोललो नाही. आता माझी पंचाहत्तरी उलटून गेली आहे. वहिनी गेल्या. ज्यांना आमच्या गाडीचा धक्का लागला ते गृहस्थ तर त्यांच्या कितीतरी आधी गेले. ते दोघंही मला अजून भेटतात, आणि बहुतेक वेळा भर दिवसा, लाल दिव्यापाशीच भेटतात.

नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं. नाशकात तेव्हा सिग्नल मोजकेच होते. त्याआधी चौकात गोल ओट्यावर पांढरे हातमोजे घातलेला पोलीस उभा असायचा आणि त्याच्या हाताकडे बघून लोक जायचे, किंवा त्याची नजर चुकवून जायचे. दिवे आले तेव्हा माणसं गोंधळली. कुणी हिरवा लागल्यावरही पोलिसाची वाट बघत थांबायचं, कुणी दिवा म्हणजे रोषणाई समजून सरळ निघून जायचं. आमच्या कॉलनीत या विषयातला जाणकार मी होतो. त्याचं कारण एवढंच, की ऑफिसच्या कामाने माझं मुंबईला जाणं-येणं होतं आणि मी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचो.

अशाच एका खेपेला मुंबईत एका चौकात समोर लाल दिवा असताना आमच्या ड्रायव्हरने जीप न थांबवता डावीकडे वळवली. मी विचारलं, "अहो, लाल होता ना?"

"लेफ्टला सिग्नल नसतो साहेब. डावं मोकळं असतं."

त्या चौकात तशी पाटी होती, हे मी वळताना पाहिलंही होतं. पण पाटी आहे म्हणून डावं मोकळं आहे, की डावं सगळीकडेच मोकळं असतं, हे मी विचारलं नाही. मला ते वाक्य आवडलं होतं. सोपं होतं, जाणत्या माणसाच्या तोंडी शोभेल असं होतं. मी ते नाशकात घेऊन आलो आणि कॉलनीत ज्याला त्याला सांगू लागलो. जिथे डावीकडे जायची मुभा आहे तिथे ती पाटीने किंवा हिरव्या बाणाने दिलेली असते, आणि ती नसेल तर सरळ जाणाऱ्यासारखंच डावीकडे वळणाऱ्यानेही रेघेमागे थांबायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे लायसन्स होतं. ते मिळवताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला एकाच इमारतीत वरखाली राहायचो. दादा सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचा. वहिनी पंचवटीत एका शाळेच्या ऑफिसात काम करायच्या. त्यासाठी सीबीएस स्थानकावर बस बदलावी लागायची आणि दुसरी बस भरून यायची. शेवटी त्यांनी जाहीर केलं की आपण मोपेड शिकणार.

दादा म्हणाला, "चाळिशीत ही काय सर्कस?"

"सर्कशीत हत्तीण सायकल चालवते. मी मोपेड चालवीन," वहिनी म्हणाल्या.

तोल सांभाळायला त्या लवकर शिकल्या. नियम मी शिकवले, रविवारी जेवणं झाल्यावर, खालीच त्यांच्या स्वयंपाकघरात. पोळपाट म्हणजे चौक. शेंगदाणे म्हणजे गाड्या. उजवीकडे वळायचं असेल तर आधीपासून मधल्या बाजूला यायचं, हात दाखवायचा, हिरवा लागला तरी एकदम वळायचं नाही, समोरून सरळ येणाऱ्यांना जाऊ द्यायचं, मग वळायचं. हे मी बरोबर सांगितलं. वहिनी एकेक दाणा बोटाने सरकवत होत्या. दादा शेजारी बसून गाड्या खात होता.

"अहो, ती बस होती. तिच्यात माणसं होती," वहिनी त्याला म्हणाल्या.

"खारी होती," दादा म्हणाला.

मग डावीकडचं वळण आलं. मी म्हणालो, "यात शिकण्यासारखं काही नाही. डावं मोकळं असतं. दिवा कुठलाही असो, कडेने घ्यायचं आणि जायचं."

"लाल असला तरी?"

"लाल सरळ जाणाऱ्यांना. आपल्याला नाही."

त्यांनी पोळपाटाकडे जरा वेळ पाहिलं. मग विचारलं, "आणि पायी चालणारा माणूस? तो कुठे ठेवायचा?"

"चालणारा कुठूनही जातो वहिनी. त्याला काही नियम नसतो."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. एकही दाणा चालणाऱ्याचा म्हणून मी पोळपाटावर ठेवला नाही.

वहिनींना शिकाऊ लायसन्स मिळालं. गाडीला पुढे-मागे लाल रंगात 'एल' लावला. शिकाऊ माणसामागे लायसन्सवाला बसलेला हवा, म्हणून सकाळी मी मागे बसायचो. माझं ऑफिस त्याच वाटेवर होतं. त्या मला वाटेत उतरवून उरलेलं अंतर एकट्या जायच्या. तेही नियमात नव्हतं, पण ते आम्ही आपसात चालवून घेतलं होतं.

थंडीचे दिवस होते. वहिनींनी कानाला स्कार्फ बांधला होता, म्हणून मी त्यांच्या खांद्यावरून पुढे वाकून बोलत होतो. ज्या चौकात आम्हाला डावीकडे वळायचं होतं तिथे लाल दिवा होता. पुढे एस.टी. उभी होती. बस आणि फूटपाथ यांच्यामध्ये एक मोपेड जाईल एवढी जागा होती. वहिनींनी गाडी बसच्या मागे थांबवली आणि पाय टेकला.

"भावजी, लाल आहे."

"आपल्याला डावीकडे जायचंय ना? मग थांबलात कशाला?"

"पुढे बस आहे. पलीकडचं दिसत नाही."

"बसच्या कडेने काढा. डावं मोकळं असतं. घ्या वहिनी, मागचे हॉर्न वाजवतायत."

त्यांनी पाय उचलला. गाडी अगदी हळू होती, हे मला सांगितलंच पाहिजे. पळत्या माणसालाही गाठलं नसतं इतकी हळू. आम्ही बसच्या तोंडाशी आलो आणि बससमोरून टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. ते पट्ट्यांवरून पलीकडून रस्ता ओलांडत आले होते. फूटपाथ त्यांच्यापासून एका पावलावर होता. बसमुळे आम्हाला ते दिसले नाहीत, त्यांना आम्ही दिसलो नाही. हँडलचा धक्का लागला आणि ते फूटपाथच्या कडेवर कमरेवर पडले. ओरडले नाहीत. हातातली कोथिंबिरीची जुडी त्यांनी सोडली नव्हती. मला त्यांचा चेहरा आठवतो तो वेदनेचा नाही, गोंधळलेला. सगळं बरोबर केलेला माणूस जसा गोंधळतो तसा.

गर्दी जमली. हवालदार आला. त्याने वहिनींना विचारलं, "ताई, लाल दिवा दिसला नाही का?"

"दिसला."

"मग?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. मास्तरांकडे बघावं तसं पाहिलं, की याचं उत्तर तुम्ही सांगा. आणि मी त्याच क्षणी त्या हवालदाराच्या चेहऱ्यावरून ओळखलं, की डावं मोकळं नसतं.

मी म्हणालो, "मी मागे बसलो होतो. माझं लक्ष नव्हतं."

का बोललो? ऑफिसात माझ्या बढतीची गोष्ट चालली होती आणि पोलिसात नाव जायला नको होतं, हे एक. शिकाऊ माणसामागे बसलेला जबाबदार असतो हे मला माहीत होतं, हे दुसरं. पण मी पुष्कळ वेळा मनाशी तपासून पाहिलं आहे, आणि मला वाटतं खरं कारण त्याहून लहान होतं. इतक्या लोकांसमोर 'मला नियम माहीत नव्हता' हे माझ्याच्याने म्हणवेना.

वहिनी हवालदाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं." जबाबात तसंच लिहिलं गेलं.

ते गृहस्थ कळवणकडचे होते. शेती मुलाच्या हाती देऊन नाशकात मुलीकडे राहायला आले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा मुलगी त्यांना भरवत होती आणि रागावत होती. "किती वेळा सांगितलं बाबा, हे आपलं गाव नाय. कुठंबी मधी घुसायचं नसतं."

त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि मला विचारलं, "भाऊ, तुमी व्हते ना तिथं? गाड्या उभ्या व्हत्या ना?"

"बाबा, पडून राहा," मुलगी म्हणाली.

"हीच म्हने, गाड्या थांबल्याबिगर पाय टाकू नका. म्या बगितलं. समद्या उभ्या राह्यल्या, मंग निघालो. व्हत्या ना उभ्या?"

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. होत्या उभ्या, बाबा. तुमचं काही चुकलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही आता आराम करा. बोलण्याने थकवा येतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांच्या छातीत कफ भरला होता आणि ते कुणालाच ओळखत नव्हते. दवाखान्यातून ते घरी गेलेच नाहीत. जाताना त्यांना काय वाटत होतं, आपण चुकलो की नाही चुकलो, हे मला कधी कळणार नाही.

खटल्यात वहिनींनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा दंडावर निभावली. मोपेड विकली. त्या पुन्हा बसने जाऊ लागल्या. पण बस त्याच चौकातून जायची. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. कारण गुडघ्याचं सांगितलं. दादा वाईट माणूस नव्हता, पण त्याला चेष्टेची सवय होती आणि ही चेष्टा त्याला सापडली. लग्नाकार्याला गाडी ठरवली की म्हणायचा, "हिला पुढे बसवू नका रे, ही सिग्नल तोडते." लोक हसायचे. वहिनीही ओठ मिटून हसल्यासारखं करायच्या. मीही तिथे असायचो. मला वाटायचं, यांना सगळं माहीत आहे, मला वाचवायला गप्प बसतात. त्या उपकाराखाली मी त्यांच्याशी धड बोलू शकत नसे.

तेव्हापासून स्कूटरवर मी पाटी नसेल तर डावीकडे वळतानाही लाल दिव्याला थांबतो. मागून हॉर्न वाजतात. "ओ काका, लेफ्ट फ्री आहे." "काका, झोप लागली का?" एकदा एकजण शेजारी येऊन कळवळ्याने म्हणाला, "आजोबा, डावीकडे जाता येतं, जा तुम्ही." मी हलत नाही. समोरून लोक रस्ता ओलांडत असतात आणि त्यांच्यात मला दरवेळी एक टोपीवाला माणूस दिसतो. तो कडेला पोचेपर्यंत मी बघत राहतो. कधी कधी तो पोचायच्या आधीच हिरवा लागतो.

या थांबण्यामुळे माझी ख्याती वाढली. दोन हजार सालानंतर गाड्या फार वाढल्या, सिग्नलही वाढले. गणेशोत्सवात कॉलनीच्या मंडळाने मुलांसाठी वाहतुकीच्या नियमांवर कार्यक्रम ठेवला आणि बोलायला मला बोलावलं. कार्यकर्ते म्हणाले, "काका, आख्ख्या कॉलनीत सिग्नल पाळणारे तुम्ही एकटे." नाही म्हणायला मला कारण सांगता आलं नाही. मी बोललो. फळ्यावर चौक काढला, पट्टे काढले, पट्ट्यांवर चालणारा माणूस काढला. सांगितलं, लाल म्हणजे लाल, डावीकडे वळणाऱ्यालासुद्धा. पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच जायचं, आणि तेव्हाही चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मुलं ऐकत होती. मागच्या खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यात वहिनी होत्या, हे मी बोलून संपवल्यावर पाहिलं.

घरी येताना त्या माझ्याबरोबर चालू लागल्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आज सांगितलंत, डावीकडेही थांबायचं."

"हो."

"मग तेव्हा आपण थांबलो नाही ते?"

त्यांनी हे खरोखर विचारलं होतं. मला कोंडीत पकडायला नाही. आणि तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं त्या मला वाचवत नव्हत्या. माझं वाक्य त्या खरं धरून चालल्या होत्या. डावं मोकळं असतं, पण आपण नीट पाहिलं नाही, म्हणून चूक आपली, असा त्यांचा हिशोब होता. 'लक्ष नव्हतं' म्हणालो तेही त्यांनी खरं मानलं असेल, नाहीतर घाबरून बोललो असं समजून सोडून दिलं असेल. माझ्यावरचा त्यांचा विश्वास जागच्या जागी होता.

सांगायची वेळ ती होती. रस्त्यात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "नियम नंतर बदलला, वहिनी."

त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. कित्येक वर्षांनी कुणी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तसं.

"म्हणजे तेव्हा बरोबर होतं आपलं."

"तेव्हाच्या नियमाने."

थोडं पुढे गेल्यावर त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पण ते बाबाही बरोबर होते. गाड्या थांबलेल्या बघूनच निघाले होते. तेही बरोबर, आपणही बरोबर, आणि ते गेले. असं कसं असतं हो, भावजी?"



दुसऱ्या दिवशी मी खाली चहाला गेलो तर वहिनी उत्साहाने दादाला सांगत होत्या, "भावजींना विचारा. तेव्हा नियम तसाच होता. नंतर बदलला."

दादा हसला. "वा. सरकारने तुझ्यासाठी नियम बदलला म्हण की. अगं, तोडला तो तोडला. आता या वयात वकिली नको."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. चहा मात्र आधीसारखाच, आलं जास्त घालून, देत राहिल्या.

वहिनी कोरोनाच्या दोन वर्षं आधी गेल्या. त्यांची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा पुण्याहून आली ती महिनाभर राहिली. मग येत-जात राहिली. पहिल्या वर्षश्राद्धाला आली तेव्हा वर माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "काका, एक विचारू? आई मला सांगायची, त्या अपघाताच्या वेळी नियम वेगळा होता. मी शोधून पाहिलं. नियम तेव्हाही हाच होता. आई कधी खोटं बोलायची नाही. मग या एकाच गोष्टीत का बोलली?"

ती रडत नव्हती. तिला आईबद्दल फक्त एवढं कळून घ्यायचं होतं. माझ्या लक्षात आलं, की वहिनींची नोकरी गेली, गाडी गेली, घरातला मान गेला, आणि आता मेल्यावर त्यांचं खरेपण जाऊ घातलं आहे. आणि तेही माझ्याच खोट्यामुळे.

मी तिला सगळं सांगितलं. पोळपाटापासून. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार." आणि खाली गेली.

दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. त्याला आता फार कमी ऐकू येतं आणि मशीन लावायला तो तयार नसतो. मी शेजारी बसून हळू आवाजात सुरुवात केली. तो म्हणाला, "काय?"

मी पुन्हा सांगितलं. "काय म्हणतोस? मोठ्याने बोल की."

जे वाक्य मी पाव शतक कुणाला पुटपुटूनही सांगितलं नव्हतं, ते मला गॅलरीत ओरडून सांगावं लागलं. "वहिनी थांबल्या होत्या, दादा. मी जा म्हणालो. सिग्नल मी तोडायला लावला."

खाली कुणाचं तरी स्कूटर धुणं चाललं होतं, ते थांबलं. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडता निवडता वर बघू लागली. दादाला या वेळी ऐकू आलं होतं.

तो म्हणाला, "ती मला म्हणाली होती. नियम बदलला म्हणून."

"तेही मीच सांगितलं होतं त्यांना. खोटं होतं ते."

"मी हसलो होतो तिला."

"हो."

"तू होतास तिथे."

"होतो."

तो माझ्याकडे बघत नव्हता. खुर्चीच्या हातावर त्याचा अंगठा मागे-पुढे फिरत होता. मला वाटलं तो उठून आत जाईल, किंवा मला जा म्हणेल. पण तो म्हणाला, "उद्या सगळे येणार आहेत. तिच्या माहेरचे, आपले, कॉलनीतले. ज्यांच्या ज्यांच्यासमोर मी तिची चेष्टा केली ते सगळे. उद्या त्यांच्यासमोर सांग. आत्ता सांगितलंस तेवढ्याच मोठ्याने."

दुसऱ्या दिवशी पानं मांडली गेली. माणसं बसली. दादाने वाढणाऱ्यांना हाताने थांबवलं आणि मी उभा राहिलो.